लंडनचं फंक, पूर्णेची फुंक

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, त्या वर्षी आमच्या बँडच्या सुपाऱ्या मोडायला लागल्या. वरातीसाठी बँड ठरवायचा म्हणजे सुपारी द्यायची. दिवाळीनंतरच्या लग्नांसाठी पाऊसकाळातच माणसं येऊन बोलून जायची. त्या वर्षी तीच माणसं पुन्हा आली, ओट्यावर न बसता उभ्या उभ्या बोलली आणि गेली.

बँड माझ्या मामांचा. पूर्णेला रुळांच्या पलीकडं आमची बौद्ध वस्ती होती आणि बँडातले बहुतेक वादक तिथलेच. मामा युफोनियम वाजवायचे. पोटाशी धरायचं, जाड आवाजाचं पितळी वाद्य. मी ट्रम्पेट वाजवायचो. क्लॅरिनेटवर एक म्हातारे चाचा होते. निजामाच्या राजवटीत पोलिसांच्या बँडात वाजवलेले. ते आमच्यात सगळ्यांत तयार आणि सगळ्यांत तिरसट.

एक सुपारी मात्र कायम राहिली होती. झरीच्या पुढच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोरीचं लग्न. एस.टी.नं झरीपर्यंत गेलो आणि तिथून वाद्यं खांद्यावर टाकून चालत निघालो. गावाच्या अलीकडं, बाभळीखाली, नवरीचा चुलता आमची वाट बघत उभा होता. माणूस भला होता. त्याची मान वर होत नव्हती.

"मास्तर, गावात वातावरण बरोबर न्हाई," तो म्हणला. "वाजवू नका. पण आलाव तर जेवून जा."

मामा म्हणले, "जेवायला आलो नव्हतो, पाटील." आणि वळले.

परतीच्या वाटेवर चाचा क्लॅरिनेट बाहेर काढून चालता चालता वाजवत राहिले. ज्वारीत काम करणाऱ्या बाया माना वर करून बघत होत्या. मला त्यांचा राग आला, चाचांचा आला, मामांचाही आला. कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

त्या हिवाळ्यात माझा पाय घरात ठरेना. लोको शेडमध्ये मी खलाशी होतो, म्हणजे इंजिनाच्या कामात मिस्त्रीच्या हाताखाली पडेल ते करायचं. ड्यूटी सुटली की रुळांच्या कडेनं चुडाव्यापर्यंत चालत जायचो. तिथं स्टेशनवर चहा प्यायचो आणि मिळेल त्या गाडीनं परत यायचो. आई म्हणायची, "तुला काय झालंय रे? बसत का न्हाईस?" तोंडात वाजवायला काहीतरी होतं आणि ते काय ते ठाऊक नव्हतं.

शेडात एक ड्रायव्हरसाहेब होते, मूळचे सिकंदराबादचे, ख्रिस्ती. त्यांची बहीण लंडनला नर्स होती. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर ती भावाला कॅसेटी पाठवायची. साहेब एकटे राहायचे आणि क्वार्टरात टेपरेकॉर्डर मोठ्यानं लावायचे. एका रविवारी त्यांच्या खिडकीखालून जाताना मी थांबलो. आत कुणीतरी ट्रम्पेट वाजवत होतं, पण मला माहीत असलेलं नव्हे. दोन-तीन फुंका एकदम, धारदार, आणि मग काहीच नाही. पुन्हा दोन-तीन फुंका, पुन्हा काहीच नाही. त्या मोकळ्या जागेत खालून गिटारची एक जाड तार कुणीतरी अंगठ्यानं झोडपत होतं.

साहेबांनी खिडकीतून बघितलं आणि आत बोलावलं. "हे फंक आहे," ते म्हणाले. "लंडनची पोरं आहेत. माझी बहीण राहते त्याच बाजूची."

कॅसेटच्या खोक्यावर फोटो होता. काळी पोरं, गोरी पोरं, एकाच ओळीत उभी. ट्रम्पेटवाला काळा होता. पायापाशी बघत नव्हता, सरळ समोर बघत होता. मी तो फोटो खूप वेळ हातात धरला. वरातीत बँड सगळ्यांच्या पुढं चालतो आणि सगळ्यांचं लक्ष आमच्या मागच्या घोड्यावर असतं. बँडवाल्याच्या तोंडाकडं कुणी कधी बघितल्याचं मला आठवत नव्हतं.

कॅसेट मागून घेतली आणि मामांकडं नेली. मामांनी ऐकली. मी सांगितलं, याला फंक म्हणतात.

"आपुन दुसरं काय करतो?" मामा म्हणले. "जल्म गेला फुंकण्यात."

चाचांना मात्र ते पटलं नाही. "ये लोगां बीच में चुप कैकू होरे?" ते विचारत राहिले. मामांची अडचण व्यवहाराची होती. "वरातीत मधी थांबलाव की पाव्हणे म्हणतेत, बँडवाले दमले. सलग वाजवावं लागतंय बाबा."

तरी मी पिच्छा सोडला नाही. सुपाऱ्या नव्हत्याच, वेळ होता. वस्तीतल्या समाजमंदिरात आम्ही दुपारी बसायचो. मामांनी युफोनियमवर त्या जाड तारेची चाल पकडली. आधी चेष्टा म्हणून, मग घाम येईपर्यंत. ढोलवाल्याला कमी वाजवायला शिकवणं सगळ्यांत अवघड गेलं. रिकामी जागा दिसली की त्याचा हात पडायचाच. चाचा कोपऱ्यात विडी ओढत बसायचे. एक दिवस उठले, क्लॅरिनेट जोडली आणि आमच्या फुंकांच्या वर एक लांब सूर धरून ठेवला. कॅसेटमध्ये तसं काही नव्हतं. मी थांबवायला गेलो तर मामांनी मला हातानं अडवलं.

एप्रिलात जयंतीची मिरवणूक निघाली. आम्ही पहिल्यांदा तिथं हे वाजवलं. पोरं नाचायला लागली आणि पहिल्या मोकळ्या जागेपाशी गोंधळून उभी राहिली. मामांनी माझ्याकडं असं बघितलं की बघ, सांगितलं नव्हतं? दुसऱ्यांदा तसंच झालं. तिसऱ्यांदा मागून कुणीतरी, आवाजावरून बाई असावी, त्या मोकळ्या जागेत घोषणा टाकली. नामांतर झालंच पाहिजे. अगदी मापात बसली. पुढच्या खेपेला सगळी मिरवणूक वाट बघून राहिली. आम्ही फुंकायचो, थांबायचो, आणि शेकडो माणसं त्या जागेत ओरडायची. माझे ओठ सुजले होते. मी थांबायला तयार नव्हतो.

त्यानंतर आम्हाला बोलावणी यायला लागली. परभणी, नांदेड, हिंगोली, जिथं मोर्चा, जिथं जयंती, तिथं लोक म्हणायचे की पूर्णेचा तो थांबत थांबत वाजवणारा बँड आणा. पुढं पुढं लग्नाच्या सुपाऱ्याही पुन्हा मिळायला लागल्या. बागायतदारांच्या वरातीतसुद्धा पोरं म्हणायची, तसलं वाजवा.

तिकडं लंडनचा बँडही चढत होता. साहेबांच्या बहिणीनं पुढची कॅसेट पाठवली, त्यात ती पोरं गायला लागली होती. पहिल्या कॅसेटमध्ये गाणं जवळजवळ नव्हतंच, नुसतं वाजवणं. आता प्रत्येक गाण्यात एक गुळगुळीत गळा होता आणि फुंका त्या गळ्याच्या मागं गेल्या होत्या. बहिणीनं कळवलं होतं की ते आता टीव्हीवर दिसतात, दुकानात त्यांची गाणी लागतात. फोटोत सगळ्यांचे कोट चकचकीत. मला ही कॅसेट कमी आवडली, पण मी साहेबांना तसं म्हणलो नाही. चार दिवस ऐकून मग मीही त्यातल्या चालीवर नवी बसवणी केली, कारण लोकांना गळा आवडतो हे आमच्याही ध्यानात आलं होतं. चाचांची क्लॅरिनेट आमचा गळा झाली.

मग काही वर्षांनी तिसरी कॅसेट आली आणि मी ती अर्ध्यात बंद केली. अंगठ्यानं झोडपलेली तार होती, पण तिच्याभोवती सगळं मशीन. ढोल माणसाचा नव्हता. ट्रम्पेटच्या जागी पेटीतून निघालेला काहीतरी चपटा आवाज होता. खोक्यावर माणसं कमी झाली होती. ट्रम्पेटवाला नव्हताच.

"तो कुठं गेला?" मी साहेबांना विचारलं.

"मला काय माहीत?"

"बहिणीला विचारा की."

ते हसले, पण त्यांनी विचारलं. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं. बहीण त्यांच्या एका कार्यक्रमाला गेली होती. फुंकणारी माणसं होती तिथं, पण भाड्यानं आणलेली, मागं अंधारात उभी केलेली. तो त्यांच्यात होता की नाही, तिला कळलं नाही.

ती कॅसेट मी चाचांच्या घरी नेली, तक्रार करायला. वाटलं, हे तरी माझ्या बाजूचे. चाचांनी पूर्ण ऐकली. मग पुन्हा लावायला सांगितली. "ये आवाज कायका है?" त्यांनी विचारलं. मी म्हणलं, की-बोर्ड. कॅसिओ म्हणतेत तसलं.

"इसमें फूंकना नै पड़ता?"

"न्हाई."

चाचांनी छातीवर हात ठेवला. "मेरी सांस अब पहले जैसी नै रही, मियाँ. दो साल से तुम लोगां से छुपारा हूँ."

पुढच्या उन्हाळ्याआधी त्यांनी हैदराबादहून पुतण्याकरवी कॅसिओ मागवला. सत्तरीचा माणूस, पण शाळेतल्या पोरासारखा त्याच्यावर बसलेला असायचा. दातांचा त्रास, दम, सगळं विसरले. मामांनी हातगाड्यावर बॅटरी आणि भोंगे बांधले, मधोमध चाचांची खुर्ची ठेवली. चाचा हातगाड्यावर बसून वरातीतून जायचे आणि लोक खरंच त्यांच्याकडं बघायचे. कॅसिओतून सनई निघायची, व्हायोलिन निघायचं. ट्रम्पेटही निघायचा.

आमची पितळी वाद्यं जुनी, वरच्या सुराला बांधलेली. कॅसिओचा सूर ठरलेला. मी ट्रम्पेटची नळी ओढून ओढून लांब करायचो तरी केसभर वरच राहायचो. मामा म्हणले, "जरा मागं थांबून वाजव." आवाज मागं थांबून, की मी मागं थांबून, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही. मी बँड सोडला.

नुसत्या फुंकीचा वेगळा बँड काढून बघितला. दोन ट्रम्पेट, एक ट्रॉम्बोन, ढोल. मोर्चाला लोक बोलवायचे, लग्नाला कुणी नाही. वादक एकेक करून मामांकडं परत गेले. त्यांचं चूक नव्हतं, घरं चालवायची होती. मला शेडातला पगार होता म्हणून मला हट्ट परवडला. त्या वर्षांत मी वस्तीतून जाताना समाजमंदिराची गल्ली टाळायचो. आतून कॅसिओ ऐकू आला की पाय आपोआप भरभर पडायचे. घरी बायको म्हणायची, "वाजवायचं न्हाई तर न्हाई, पण चकरा मारणं बंद करा." ते काही जमलं नाही.

नामांतर अखेर झालं, थंडीच्या दिवसांत. बातमी पक्की झाली तशी पूर्णेत माणसं नुसतीच रस्त्यावर आली. मिरवणूक कुणी ठरवलेली नव्हती. मी ट्रम्पेट घेऊन निघालो आणि कोपऱ्यावर मामांचा हातगाडा आडवा आला. वर चाचा, अंगावर शाल, मांडीवर कॅसिओ.

मामांच्या युफोनियमला पोचा पडला होता, तो मी बघितला. चाचा वरून म्हणाले, "क्या देखरा? नली खेंच."

मी नळी ओढली. चाचांनी कुठलं तरी बटण दाबून सूर वर केला, तो फार वर गेला. पुन्हा खाली केला, फार खाली आला. माणसं थांबायला तयार नव्हती, मागून रेटा येत होता. शेवटी मामा म्हणले, "राहू दे, वाजवा," आणि आम्ही तसंच वाजवलं, किंचित फाटलेलं. मी मागं उभा राहिलो नाही, गाड्याच्या शेजारून चाललो. आमच्यापुढं एक म्हातारी नऊवारीचा पदर खोचून नाचत होती आणि एक तरुण पोरगा रस्त्याच्या कडेला बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता. त्याला कुणी उठवलं नाही. आंदोलनात ज्यांची घरं गेली, माणसं गेली, त्यातले कितीतरी त्या गर्दीत होते. सुराकडं कोण लक्ष देणार होतं? मी देत होतो. केसभर फरक मला सबंध रस्ताभर टोचत राहिला आणि तरी मला तिथून हलायचं नव्हतं.

मीटर गेजचे दिवस संपत आले तशी शेडातली कामं कमी झाली आणि माझी बदली निघाली. ड्रायव्हरसाहेब त्याआधीच निवृत्त होऊन सिकंदराबादला गेले होते. निघायच्या दिवशी सकाळी मी चाचांकडं गेलो. ते अंथरुणात बसून कॅसिओवर काहीतरी बसवत होते. डावा हात एकच चाल पुन्हा पुन्हा वाजवत होता, उजवा मध्येच येऊन जात होता.

"बैठ," ते म्हणाले. "ये सुन, नया है."

मी बसलो. सुनेनं चहा आणला. चाल चांगली होती. उजव्या हाताला आणखी थोडं थांबायला हवं होतं, मी तसं म्हणालो. चाचांनी करून बघितलं, मान हलवली, पुन्हा पहिल्यासारखंच वाजवलं. मी उठलो, दारापाशी गेलो, परत येऊन बसलो.

"गाडी है ना तेरी?"

"हाय."

"फिर जा ना. कैकू अटकरा?"

मी पुन्हा उठलो. बाहेर रिक्षावाला हॉर्न देत होता आणि आत चाचा त्या चालीत एक नवीन सूर घालून बघत होते.