नांदुरकीचा स्टॉप

रंगनाथ शिळीमकरांना झाडं आधी ऐकू आली, दिसली बऱ्याच नंतर. पुण्यात विश्रांतवाडीहून मनपाकडे जाणारी बस चालवताना नजर सदा समोर. रिक्षा, आडव्या घुसणाऱ्या दुचाक्या, धावत येणारे उतारू. वर बघायला फुरसत कुठली? पण फांद्या बसच्या टपावरून सरकत जायच्या आणि नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं, कुठवर आलो. चिंचेची फांदी सुपात धान्य पाखडल्यासारखी सळसळायची. करंजाच्या वाळल्या शेंगा टपावर टकटकायच्या. आणि येरवड्याच्या अलीकडे, ज्याला सगळे नांदुरकीचा स्टॉप म्हणत, तिथं वडासारख्या पसरलेल्या नांदुरकीच्या सावलीत बस शिरली की आतला उजेड हिरवा व्हायचा. सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी हुज्जत घालणारा माणूससुद्धा तेवढ्यापुरता गप्प बसायचा.

निवृत्त झाल्यावर वाट्याला आल्या त्या दुपारी. जेवून ते गच्चीवरच्या पत्र्याखाली आडवे व्हायचे आणि डोळा लागला की बस सुरू व्हायची. बसमध्ये कुणी नसायचं. रस्ता पानांखालून जात राहायचा, वळणामागून वळण, आणि एकही स्टॉप यायचा नाही. त्यांना त्याची चिंताही वाटायची नाही. कुसुमताई वाळवण काढायला वर आल्या की यांचा उजवा पाय झोपेतच हळूच ब्रेक दाबताना दिसायचा. त्या उठवायच्या नाहीत.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. एके दुपारी स्वप्नातल्या बसच्या टपावर वेगळाच आवाज आला, घरघर करणारा, आणि रंगनाथ जागे झाले तरी तो थांबला नाही. ते चपला घालून निघाले. कडेची मोठी नव्हे, दुभाजकातली छोटी चिंच मुळांसकट आडवी पडली होती. सिमेंटच्या दोन भिंतींत जन्म गेल्यानं ती कधी वाढलीच नव्हती. वय मोठं आणि उंची माणसाएवढी. बुंधा मात्र जुन्या माणसाच्या मनगटासारखा पिळदार. ट्रकमध्ये टाकायला मजूर आले तेव्हा रंगनाथांनी मुकादमाला विचारलं, हे मी नेऊ का? मुकादमानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि न्या म्हणाला.

चिंच घरी आली खरी, पण तिचं करायचं काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पलीकडच्या गल्लीत श्रीनिवास परांजपे राहत. कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. बोन्सायची त्यांना मोठी हौस. रंगनाथ त्यांना बोलवायला गेले. परांजप्यांनी मुळांवरून बोट फिरवलं, सालीला नखानं ओरखडा काढून आतला हिरवा रंग पाहिला आणि म्हणाले,

"तोडलंय. मेलेलं नाही. ठेकेदाराला हा फरक कळत नाही. तुम्हाला कळायला हरकत नसावी."

शिकवणी तिथून सुरू झाली. तुटकी मुळं स्वच्छ कापायची, विटांच्या चुऱ्यात आणि जाड वाळूत रोवायची, सावलीत ठेवायचं आणि त्यानंतर, परांजप्यांच्या शब्दांत, "हात मागे बांधून बसायचं." हे शेवटचं सर्वांत अवघड. पाठोपाठ आणलेलं करंजाचं खोड रंगनाथांनी रोज हलवून पाहिलं, आणि ते गेलं. चिंच मात्र राहिली. तिला पालवी फुटली, आणि तिन्हीसांजेला ती इवली पानं मिटून घेऊ लागली, तेव्हा रंगनाथ शेजारी बसून राहायचे. आपणही हळू बोलावं असं त्यांना वाटायचं.

पुढं पिंपळ आला, उंबर आला, दुसरा करंज आला आणि तो जगला. गच्चीच्या कठड्याशी उथळ कुंड्यांची रांग लागली. एकदा कपडे वाळत घालताना कुसुमताई थबकल्या. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहत गेल्या आणि म्हणाल्या, "अहो, हा तर तुमचा रूट आहे."

रंगनाथांनी पाहिलं. खरंच होतं. झाडं त्यांनी स्टॉपच्या क्रमानं मांडली होती, आणि मांडताना त्यांना कळलंही नव्हतं.

नांदुरकीची पाळी सर्वांत शेवटी आली. तिच्यासाठी क्रेन आणावी लागली. खाली मुक्ताई खिल्लारे फुलं विकायची. वाशीमकडून नवऱ्यामागं आलेली, नवरा गेल्यावरही त्याच झाडाला पाठ लावून बसलेली बाई. रंगनाथांना ती तोंडओळखीची; बस थांबली की खिडकीतून बायका तिच्याकडून गजरे घ्यायच्या. त्या दिवशी फांद्या उतरू लागल्या तशी सावली लहान होत गेली, आणि मुक्ताई आपली टोपली घेऊन उरलेल्या सावलीत सरकत गेली. अखेर सरकायला जागा उरली नाही, तेव्हा ती उभी राहिली.

बुंधा उचलण्यातला नव्हता. रंगनाथांनी मांडीएवढी जाड, दोन फाटे फुटलेली एक दुबेळकी फांदी मागून घेतली. कापलेल्या जागेतून पांढरा चीक टपटपत होता. मुक्ताईनं फुलांवरचं ओलं फडकं काढलं आणि त्या जागी घट्ट बांधून दिलं, मुलाच्या गुडघ्याला बांधावं तसं.

नांदुरकीनं मोठी वाट पाहायला लावली. वरून प्लास्टिकची पिशवी बांधलेली ती फांदी कोपऱ्यात नुसती उभी. पिशवीच्या आत वाफेचे थेंब जमायचे, घरंगळायचे. रंगनाथ दुपारी तिच्याकडे बघत पडायचे आणि बसच्या त्या हिरव्या उजेडात उतरायचे. आता स्वप्नात स्टॉप यायचा. ते दार उघडायचे, पण चढायला कुणी नसायचं. फक्त ओल्या फुलांचा वास आत यायचा.

एका सकाळी सालीतून तांबूस टोक डोकावलं. रंगनाथांनी हात मागे बांधले आणि कुसुमताईंना हाक मारली. दोघं त्या टोकाकडे वाकून बघत राहिली.

पुढची दोन-तीन वर्षं छाटणीत, तारेनं फांद्या वळवण्यात गेली. दुबेळक्यातून डेरेदार माथा उभा राहिला, पारंब्यांचे बारीक धागे सुटले. परांजपे बोन्सायच्या प्रदर्शनासाठी मागे लागले. त्यांच्या तोंडून "बरं जमलंय" निघालं, आणि त्यांच्यासारख्या माणसाकडून याहून जास्त अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता.

प्रदर्शनाच्या सकाळी रंगनाथ झाड मांडीवर घेऊन रिक्षात बसले. आळंदी रस्ता आता रुंद, पांढराफटक झाला होता. नांदुरकीचा स्टॉप आला. नाव तेवढं राहिलं होतं. उतारू अजून तेच नाव सांगून उतरत. एका कडेला हातगाडी, वर रंग उडालेली छत्री आणि छत्रीखाली मुक्ताई. रंगनाथांनी रिक्षा थांबवली.

त्यांनी झाड तिच्यासमोर गाडीवर ठेवलं आणि हे कोण, ते सांगितलं. मुक्ताई वाकून पाहू लागली. पारंब्यांना तिनं बोटाच्या टोकानं स्पर्श केला. मग म्हणाली,

"भाऊ, याची सावली कुठं पडते?"

विचारून तिनंच आपला तळहात झाडाखाली धरला. उन्हाचे कवडसे आणि मधे पानांची नक्षी, सगळं तिच्या हातावर मावलं. हात मिटला तर सांडेल अशा बेतानं तिनं तो तसाच धरून ठेवला आणि ती हसली. झाड पडल्यापासून ती अशी हसली नसावी, असं रंगनाथांना वाटलं. समोरचा सगळा रस्ता त्यांना दूर, पाण्याखाली असल्यासारखा वाटू लागला. हॉर्नही ऐकू येईनात.

ते प्रदर्शनाला गेलेच नाहीत. झाड तिथंच ठेवून रिकाम्या हातांनी घरी आले. कुसुमताईंनी झाड कुठंय विचारलं आणि उत्तर ऐकून चहा टाकला. परांजप्यांनी मात्र महिनाभर बोलणं टाकलं. नंतर स्वतःच येऊन बजावलं की धुरात, धुळीत ते झाड पावसाळाही बघणार नाही.

झाडानं पावसाळा पाहिला. मुक्ताई दिवसभर फुलांवर पाणी शिंपडायची, तसंच त्याच्यावरही शिंपडायची. पानांवर धूळ कधी बसलीच नाही. गाडी ढकलत घरी नेताना ते मधोमध, फुलांच्या ढिगात बसायचं. परांजपे एकदा मुद्दाम बघायला गेले. परत आले ते शेवंतीची वेणी घेऊन.

रंगनाथ आता बसनं जातात, डाव्या खिडकीशी बसून. परवा स्टॉपवर बस थांबली तेव्हा नांदुरकीला फळं धरली होती, वाटाण्याहून थोडी लहान, लालसर. गाडीच्या दांड्यावर एक बुलबुल बसला होता. गिऱ्हाईक गजऱ्यासाठी खोळंबलं होतं आणि मुक्ताई त्याला हातानंच थांब म्हणत होती. बुलबुलानं एक फळ टिपलं, मग दुसरं. कंडक्टरनं घंटी दिली, तरी ड्रायव्हरनं बस तशीच उभी ठेवली.