खोक्यातली जागा
बेसमेंटमधलं कपाट उघडलं की अजून नव्या रबराचा वास येतो, आणि मला कॅनडातल्या रेजिना शहरातला तो नोव्हेंबर आठवतो. आमच्या मुलाला सांभाळणारी बाई फिलिपिन्सची होती. साबण, टूथपेस्ट, मांसाचे डबे असं वर्षभर साठवून ती ख्रिसमसला एक भलंमोठं खोकं बोटीने घरी पाठवायची. त्या वर्षी त्यात सगळ्यात वर तिच्या लेकीचे शाळेचे काळे बूट होते. "आम्ही यांना सापातोस म्हणतो," ती मला म्हणाली, "स्पॅनिश लोक तीनशे वर्षं राहिले, शब्द ठेवून गेले." मी पुण्याची. दिवाळीआधी कामवाल्या बाईंना जुने कपडे द्यायची आईची सवय माझ्यातही उतरलेली. आमची तीन जाडजूड विंटर जॅकेट्स आणून मी म्हटलं, "ही पण पाठव, चांगली आहेत." मग "थँक्यू, मॅम" म्हणून तिने जागा करायला बूट बाहेर काढले, आणि जॅकेट्स मी स्वतः दाबून बसवली. "बूट पुढच्या वर्षी पाठव की," असंही वर म्हणाले. जानेवारीत तिने फोनवर फोटो दाखवला. नारळाच्या झाडाखाली, कडक उन्हात, माझं जॅकेट गळ्यापर्यंत बंद करून तिची लेक मला थँक्यू म्हणायला उभी होती. चेहरा घामाने निथळत होता, पायात झिजलेल्या चपला होत्या. पुढच्या वर्षीपर्यंत लेकीचा पाय वाढला, आणि बूट आमच्या कपाटातच राहिले. ते बूट अजून माझ्याकडेच आहेत, कोरे. ते कुणाला देऊन टाकायचा धीर मला होत नाही.