कुत्र्याच्या रक्तातली खबर

साठ सालानंतरची गोष्ट. राळेगावकडच्या आमच्या गावात पुण्याच्या डॉक्टरांची जीप आली, ती माणसांसाठी नव्हे, पाळीव कुत्र्यांसाठी. डास माणसाला चावतो तसा कुत्र्यालाही. आणि कुत्रा गाव सोडत नाही, म्हणून तापाचं विष गावात पोचलं की नाही ते त्याच्या रक्तावरून कळतं, असं ते सांगत. गावाला हसू आवरेना. "माणसाले गोळी नाई अन् कुत्र्याले सुई!" पहिल्या खेपेला कुठल्याच कुत्र्यात काही निघालं नाही.

पंचमीला भाऊ बैलगाडी घेऊन मला न्यायला आला. माहेर चार कोसांवर. आमचा भुरका कुत्रा गाडीमागे निघाला, ढेकळं मारली तरी फिरेना. पंधरा दिवस तो माझ्याबरोबर तिथेच राहिला, भावाच्या लेकीच्या बाजेखाली झोपला. रानडुकरांमुळे सासरे तेव्हा शेतात मुक्कामाला होते, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

मी परतल्यावर दुसऱ्यांदा रक्त घेतलं. "मध्ये हा कुठे बाहेरगावी गेला होता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"उंबरा वलांडत नाई तो," सासरे छातीठोक म्हणाले.

मी दाराआड होते. परक्यांसमोर सासऱ्याचं बोलणं सुनेनं खोडायचं नाही, ही आमच्या घरची रीत. शिवाय कुत्र्याच्या फिरण्याने काय बिघडणार, असंही वाटलं. मूर्खच मी.

महिन्याने जीप परत आली. साऱ्या गावात एकट्या आमच्या कुत्र्याच्या रक्तात तापाची खूण सापडली होती. फवारणी आमच्याच गावात करायचं ठरलं होतं. आदल्याच दिवशी माहेरचा सांगावा आला होता: भाचीला ताप, मान उचलत नाही. कुत्रा तिच्याच बाजेखाली झोपला होता. डोक्यावरचा पदर सावरून मी ओसरीत आले.

"थो माह्यासंगं माहेरी गेलता. पंधरा दिस होता तिथं."

डॉक्टरांनी गावाचं नाव विचारून घेतलं आणि जीप तिकडे वळवली.

"मंग तवाच काहून नाई सांगतलं?" सासरे म्हणाले.

"तुमी बोलले होते ना मामाजी. तुमच्यावर कशी बोलू?"



जीप पोचली तेव्हा भाची गेली होती. आधी कळलं असतं तरी ती वाचलीच असती असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांचं मन मोठं. मी मात्र तेव्हापासून कुणापुढेच तोंड आवरलं नाही. गाव मला तोंडाळ म्हणतं. म्हणू दे.