सुकलाल जमादाराचे उमेदवार

चीनच्या लढाईनंतर सरकारला एकाएकी शंका आली, की सातपुड्यात काय चाललंय ते आपल्याला ठाऊकच नाही. शंका खरी होती. डोंगरात भिली बोलतात, आणि गुप्तवार्ता खात्यात भिली समजणारा या भागात एकच माणूस होता, नंदुरबारचा सुकलाल जमादार. तोही तापीकाठचा गुजर. अक्कलकुव्याकडे निम्मी नोकरी काढली म्हणून भाषा अंगवळणी पडलेली. वय पन्नाशीचं, गुडघे साठीचे. मला मोकळं करा, घरी जाऊन केळी बघतो, असा अर्ज त्याने केला, तेव्हा धुळ्याचे साहेब म्हणाले, "खुशाल जा. जाण्यापूर्वी तुमच्या जागी भिली येणारा एक शिकाऊ उमेदवार द्या, म्हणजे झालं."

एकच तर द्यायचा. होळीपर्यंत घरी, असं सुकलालने धरलं. ती होळी गेली, पुढचीही गेली.

अटी तीन होत्या. सातवी पास, चालचलन स्वच्छ, आणि नोकरी कसली ते घरी सांगायचं नाही. पहिल्या दोन कशाबशा जमत. तिसरीत घोडं पेंड खाई. ज्या मुलखात कोंबडी हरवली तरी गाव जमून विचार करतं, तिथे पोराने आईला न सांगता नोकरी धरायची. ही अट लिहिणाऱ्याने डोंगर फक्त नकाशात पाहिले असणार.

चिंचपाड्याकडचा इंद्रसिंग हुशार, ख्रिस्ती घरचा. त्याने बापाला सांगितलं, बापाने पाळकांना, आणि रविवारी भरल्या देवळात सगळ्यांनी त्याच्या गुप्त नोकरीसाठी मनोभावे प्रार्थना केली. इंद्रसिंगच्या नात्यातल्या मगनने काळा चष्मा आणला आणि पिस्तूल कधी मिळतं ते विचारलं. तिसऱ्याच्या चालचलनाची चौकशी करायला ठाण्याने गणवेशातला शिपाई गावात धाडला. पोलीस विचारत आला म्हणजे पोराने काहीतरी केलंच असणार, म्हणून त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. त्याचा मामा येऊन सुकलालला भर रस्त्यात शिव्या देऊन गेला. सुकलालने त्या ऐकून घेतल्या. मामाचं काय चुकलं होतं?

मग वाहरू सापडला. जंगल कंत्राटदाराच्या वखारीवर लाकडं मोजून घ्यायचा. कमी बोलणारा, सातवी पास. अक्कलकुव्याच्या बाजारात चहा पाजून सुकलालने त्याला सगळं सांगितलं. "तू आलास की मी सुटलो," हेही सांगितलं.

"घरी काय सांगू?" वाहरूने विचारलं.

"ते बघतो मी."

या वेळी चौकशीला तो स्वतः गेला, धोतर-टोपीत. वाहरूच्या बापाच्या अंगणात खाटेवर बसला आणि सहज म्हणून विचारू लागला. पोरगा पितो का? भांडखोर आहे का? कष्टाला कसा? सांगितलेलं पोटात ठेवतो का? लांब जाऊन राहील का?

बापाने भावाकडे पाहिलं, भावाने शेजाऱ्याकडे. त्या डोंगरात ज्या मुलाला दहेज म्हणून मुलीच्या बापाला द्यायला काही नसतं, तो मुलीच्या घरी राहून काही वर्षं राबतो, घरजावई होतो. ज्याला मुलगा नाही असा बाप मध्यस्थ पाठवून असा मुलगा हेरतो. तो मध्यस्थ नेमके हेच प्रश्न विचारतो.

"मुलगी केवढी आहे?" शेजाऱ्याने विचारलं.

सुकलालने तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाला, "लग्नाजोगी."

झालं. पंच आले. मोहाची दारू आली. दारूबंदीचे दिवस, आणि जमादाराच्या हातात पळसाच्या पानाचा द्रोण. घेतला नाही तर बोलणी मोडली असा अर्थ होतो. त्याने घेतला. बोल पक्का झाला.

डोंगर उतरताना त्याच्या ध्यानात आलं, की याहून बरं काही घडलंच नसतं. पोरगा वर्षभर गायब झाला तरी गाव हसून म्हणेल, सासऱ्याकडे राबतोय. तिसरी अट आपोआप फिटली. रस्त्यापर्यंत सोडायला वाहरू आला होता.

"दादा, मुलगी दिसायला कशी आहे?" तो म्हणाला, आणि सुकलाल बऱ्याच दिवसांनी हसला.

"मी येतो," वाहरू पुढे म्हणाला, "पण होळीला आई सून बघायला येईल. तिला काय दाखवशील?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"तेव्हा तू केळीत असशील."

पुढच्या बाजाराला एसटीजवळ ये, एवढंच सांगून सुकलाल निघाला.

वाहरू ठरल्याप्रमाणे आला, पण सोबत आई होती. भुरीबाई पहाटेपासून चालत आलेली. एसटीच्या सावलीत उकिडवी बसून ती विचारू लागली. मुलीचं नाव काय? पारू, सुकलालने सांगितलं. ती हसरी आहे का? आहे. तिची आई कशी आहे? माझ्या पोराला सकाळी उठल्याबरोबर भूक लागते, ती भाकर देईल ना?

जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारून पोट भरलेला माणूस तो. पण या प्रश्नाला त्याला खोटं सुचेना. केळी डोळ्यांपुढे होती, एसटी सुटायला आली होती, नुसतं "देईल" म्हणायचं होतं. त्याने खरं सांगून टाकलं.



"नोकरी चांगली असती तर सांगून पोरगा मागितला असतास," भुरीबाई म्हणाली.

"चांगली आहे. पगार आहे, पुढे पेन्शन आहे."

"मग तू काय करतोस ते तुझ्या घरी ठाऊक आहे?"

घरी त्याने धुळ्याच्या कचेरीचं काम म्हणून सांगून ठेवलं होतं. वाहरू एसटीच्या पायरीवरून खाली उतरला.

"मुलीकडचे फिरले असं सांगते मी पंचांना," भुरीबाई उठता उठता म्हणाली. "पोलीस अंगणात बसून पिऊन गेला हे कळलं, तर माझ्या पोराला कुणी दारात उभं करणार नाही. तूही बोलू नको."

एवढं पोटात ठेवणारं माणूस सुकलालला दोन वर्षांत भेटलं नव्हतं. पण खात्याला सातवी पास हवा होता.

घरी त्याची बायको रंजनाबाई केळीच्या पाण्याची पाळी धरून नुकतीच परतली होती. पाय धुता धुता तिने विचारलं, "सोडी का तुम्हले साहेब?"

"नही."

"असं काय काम शे, का दुसरं माणूस भेटत नही?"

तो ओसरीवर बसला आणि लग्नानंतर पहिल्यांदा तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पदराला हात पुसले.

"हाई काय नवं सांगतस? आख्ख्या गावले माहीत शे."

सोमवारी त्याने साहेबांना कळवलं, की योग्य उमेदवार आढळला नाही, शोध चालू आहे. मंगळवारी तो धोतर नेसून तळोद्याच्या बाजाराला गेला.