देवाला ओलांडून गेलेला एरंड

मोगली एरंडाला गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून आमच्याकडे वईला तोच. फांदी तोडायची, पावसाळ्याच्या तोंडावर मातीत खुपसायची, की कुंपण तयार. खत नको, माया नको. माझ्यासारखाच, कुठंही रुजतो.

माझ्या आणि चुलतभावाच्या, म्हणजे दादाच्या, घरामागच्या परड्यांमध्ये अशीच वई होती. दादा मुंबईला, मी मिरजोळ्याच्या कारखान्यात जाऊन-येऊन. तेव्हा वई घालायचं काम माझं. मेलेल्या खुंटाच्या जागी नवा लावताना मी तो वीतभर दादाच्या बाजूला सरकवायचो. दरसाल वीतभरच, तेवढी लाज होती. डोळा त्याच्या फणसावर. कापा फणस.

फणस मिळाला. घोळ असा की त्याच्या बुंध्याशी राखणदाराचा दगड होता, दोन्ही घरं राखणारा देव. तोही फणसाबरोबर माझ्याकडे आला. राखणीचा नारळ मीच द्यायचो आणि गाऱ्हाण्यात "हद्दीवर नजर ठेव, महाराजा" हे न चुकता म्हणायचो. देव फार सोशिक.

दोन वर्षांमागच्या शिमग्याला दादा आणि वहिनी आली ती गावी घर बांधून कायमची राहायला. गवंडी ठरला होता. आधी देवाला नारळ, म्हणून दादा परड्यात गेला आणि वईशी थबकला. देव पलीकडे.

वई सरकली असेल हे त्याच्या मनातही आलं नाही. आपण मुंबईला राहिलो, राखण दिली नाही, म्हणून देव उठून गेला, असं त्यानं धरलं. देवच नाही तिथं घर कसलं, म्हणत गवंड्याला फोन करून नको म्हणाला. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. घर नाही म्हणजे जमिनीची मोजणी नाही.

वहिनी बॅग भरायला लागली. दादा ओटीवर बसून मला म्हणाला, "तुझ्यामुळं देव परड्यात तरी राह्यला. नायतर कुठं गेला असता."

शिव्या दिल्या असत्या तर पचल्या असत्या.

"दादा, देव जागच्या जागी हाय. एरंड चालला."

"एरंड कसा चालंल?"

"मी चालवला."

बोलली ती वहिनी. "तरीच भावजी, तुमच्या सगळ्या सदऱ्यांवर एरंडाच्या चिकाचे डाग. मला वाटायचं, वईची केवढी सेवा करतायत."

दादानं मला देवासमोर उभं केलं आणि पहिल्यापासून सगळं गाऱ्हाणं घालायला लावलं. माझ्या प्रत्येक वाक्याला वहिनी "व्हय महाराजा" म्हणत होती, जरा जास्तच चवीनं. मग मीच खुंट उपटले. संध्याकाळी गवंड्याला पुन्हा फोन गेला.

आता ती दोघं इथंच असतात आणि वई दादा स्वतः घालतो. यंदाचा त्याचा एक खुंट वीतभर माझ्या बाजूला आलाय. रोज बघतो. फुटलाय छान. दादाला काही बोललेलो नाही, आणि देवालाही नाही.