बाबांचा आवाज गेल्यानंतर

कॅन्सरमुळे बाबांचं स्वरयंत्र काढावं लागलं आणि ते घरी आले ते मुके होऊन. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही बोरिवलीला चाळीत राहायचो, मी नुकतीच नोकरीला लागले होते. बाबा गोराईच्या खाडीत होडीवर होते. या काठावरून ओरडले की पलीकडचे उतारू धावत सुटायचे, असा त्यांचा गळा. आता त्याच गळ्याला भोक होतं आणि ते त्यातून श्वास घ्यायचे. त्यात पाणी गेलं तर जिवावर बेतेल, म्हणून होडीही सुटली.

डॉक्टर म्हणाले, रोग गेला. शेजारी पेढे मागायला आले. बाबांच्या रागाचं काय करायचं, ते मात्र कुणीच सांगितलं नव्हतं.

हाक मारता येत नाही म्हणून ते भिंतीवर बुक्क्या मारायचे. मग ताट आपटायचे. एका दुपारी त्यांना काय हवंय ते आईला कळेना. पाणी दिलं, ते ओतून टाकलं. चादर दिली, ती फेकली. "अहो, काय हवंय तरी काय?" आईने पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी तवा उचलून भिरकावला. आईची भुवई फुटली. रक्त डोळ्यात, पदरावर. मी बाबांचे हात धरले तर त्यांनी मला कपाटावर ढकललं. भोकातून वारा फुसफुसत होता, तोंड नुसतंच उघडत-मिटत होतं.

पुढच्या तपासणीला मी हॉस्पिटलात हे सगळं सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी घाटकोपरचे एक निवृत्त बस कंडक्टर आमच्याकडे पाठवले. त्यांच्याही गळ्याला तसंच भोक, वर पांढरा रुमाल. हवा गिळायची, ढेकरेसारखी वर आणायची आणि तिच्यावर बोलायचं, असं ते बोलत.

"मी... शिकवीन."

तो आवाज ऐकताच बाबांनी त्यांच्या तोंडावर ठोसा लगावला. नाकातून रक्त आलं. कंडक्टरांनी ते पुसलं.

"ताकद... आहे. आता... हवा गिळ."

बाबांनी कॉलर धरून त्यांना जिन्यापर्यंत फरफटत नेलं. पुढच्या रविवारी ते परत आले, सोड्याची बाटली घेऊन. सोड्याने ढेकर येते, तिच्यावर शब्द काढायचा. बाबा प्यायले. ढेकर आली, शब्द आला नाही. बाटली भिंतीवर फुटली. काच आईच्या पायात घुसली.

जन्मभर नवऱ्याला "अहो" म्हणणारी आई लाटणं घेऊन उठली.

"मार ना! अजून मार! तुला जगवायला सगळ्यांचे पाय धरले मी! कशाला? तुझा मार खायला?"

लाटणं पाठीत बसत होतं, खांद्यावर बसत होतं. कंडक्टर मधे पडले, त्यांनाही एक बसलं. बाबा भिंतीला चिकटले. त्यांनी तोंड मिटलं, हवा गिळली आणि पोटातून खरखरत आलं,

"गप!"

आई थांबली. धापा टाकत म्हणाली, "परत म्हण."

"गप," बाबा म्हणाले आणि रडू लागले. रडण्याला आवाज नव्हता.

कंडक्टर वर्षभर येत राहिले. बाबा हळूहळू वाक्यं बोलू लागले. आईने आपली चटई स्वयंपाकघरात नेली होती, ती कित्येक महिने तिथेच राहिली.

"बोलायला लागलात म्हणून मी सगळं विसरले असं समजू नका," तिने एकदा सांगितलं.

बाबांनी हवा गिळली. "नाही... समजत."

राग पुढेही यायचा. कधी ते बोलायचे. कधी शब्द अडला की चपला घालून खाडीकडे निघून जायचे आणि आम्ही दोघी दार उघडं ठेवून जेवायला बसायचो.