नाक चोंदलेली सवत

आमच्या ह्यांच्या आयुष्यात दुसरी बाई आली ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर.

एकोणीसशे साठच्या सुमारास ह्यांची सरकारी बदली जयपूरला झाली आणि माझं डोकं सारखं ठणकायला लागलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, पारा बघितला आणि विचारलं, "गुस्सा बहुत आता है?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "जी हां!" (लग्न झाल्यापासून इतक्या झटपट त्यांनी कशालाच उत्तर दिलं नव्हतं.)

रक्तदाब निघाला. सर्पगंधेची गोळी सुरू झाली. रोज, न चुकता.

दोनेक महिन्यांत माझं नाक असं चोंदलं की 'म'चा 'ब', 'न'चा 'द' आणि 'ण'चा 'ड' झाला. डोळे अर्धे मिटलेले, पाय जड, आणि राग? शोधूनही सापडेना! ह्यांनी ओला पंचा गादीवर टाकला. पूर्वी मी आमेरच्या किल्ल्यावर ऐकू जाईल अशी ओरडले असते. आता म्हणाले, "राहू दे. बी उचलते."

"रागावली नाहीस?"

"दाही हो. चहात साखर कबी झाली का?"

हे आधी घाबरले. कपाळाला हात लावून ताप बघितला. मग त्यांना गोडी लागली. ऑफिसातून वेळेवर घरी यायला लागले! येताना कधी मिठाईवाल्याकडचा घेवर, कधी गजरा. शेजारी बसून म्हणायचे, "बोल ना काहीतरी." ज्या माणसानं आजवर "जरा गप्प बस" याखेरीज मला काही सांगितलं नव्हतं, तो म्हणतोय, बोल!

एक दिवस शेजारच्या भाभीजींनी भिंतीवरून ह्यांना विचारलं, "भाईसाहब, बहनजी की छोटी बहन आई हुई है क्या? बड़ा मीठा बोलती है।"

"हां जी," हे म्हणाले, "भगवान करे, यहीं रह जाए!"

मी आत डुलक्या घेत होते, ती टक्क जागी झाले. गोळीनं राग नेला होता, पण जळायला तिची काही हरकत नव्हती! छोटी बहीण म्हणे! ह्यांच्या शर्टांच्या कॉलरी घासून घासून माझी बोटं झिजली, आणि घेवर खाते ती?

कळस केला साडीनं. हे तिकडच्या बगरू गावच्या छापाची गुलाबी साडी घेऊन आले. मला आजवर आणली ती मळखाऊ रंगाची.

"बला दको," मी म्हणाले.

"का गं?"

"तिला द्या."

"कुणाला?"

"त्या गोळीवालीला! तिच्यासाठीच आडलीत दा!"

हे हसले, तेही चक्क लाडानं! मी भांडत होते हो, पण नाकातून पिपाणी वाजत होती. माझं भांडणसुद्धा तिच्या गोडव्यात जमा!

मी ह्यांना घेऊन तडक दवाखाना गाठला. "डॉक्टरसाब, बेरे घर बें दूसरी औरत घुस गई!"

डॉक्टरांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी फरशीकडे.

मग सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "नाक बंद, सुस्ती, ये तो इसी गोली का असर है। इतने महीने चुप क्यों रहीं?"

अहो, चुप राहणं हाही असरच होता ना!

गोळी बदलली. नाक मोकळं झालं. पहिला स्वच्छ 'म' निघाला तो "मोरीतला दिवा कुणी चालू ठेवला?" यातला. ह्यांचा चेहरा बघवेना. जवळच्या माणसाला गाडीत बसवून परत आल्यासारखा!

पुढच्या तपासणीला माझ्या दंडाला पट्टा बांधलेला असताना हे हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहब, वो पुरानी वाली... सिर्फ़ इतवार को एक?"

पारा असा उसळला की डॉक्टरांनी ह्यांना बाहेर घालवलं. थोड्या वेळानं पुन्हा मोजला, तर ठीक! "दवा सही है बहनजी," ते म्हणाले, "अगली बार इनको बाहर बिठाइए।"

तेव्हापासून हे बाहेर बाकावर बसायचे. मी आत दंड पुढे करून बसायची आणि कान मात्र दाराकडे: ह्यांच्या शेजारी एखादी नाक चोंदलेली बाई तर येऊन बसली नाही ना!